नाशिकला पाठवलेल्या ३० अंड्यांतनं ४ च पिल्लं निघाली, चूक कुणाची? उबवणीची अंडी पाठवायची का पिल्लंच?

कळंब्याची_पाखरं (११ मे)

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण शेवटपर्यंत वाचा आणि जाणकारांनी सांगा. मी कोल्हापुरात कळंब्याला राहते, घरामागं थोडी मोकळी जागा आहे तिथं दोन वर्षं झाली कोंबड्या पाळायलेय. आत्ता १८ गावठी, ५ गिरिराज आणि २ गावठी कोंबडे आहेत. खायची अंडी गल्लीतच खपतात, पण दिवाळीपासनं उबवणीची अंडी विकायला लागले कारण खायच्या अंड्याला मला १२ रुपये मिळतात तिथं उबवणीच्याला २५ मिळतात. आजवर सगळं गिऱ्हाईक जवळचं होतं, पाचगाव, वडणगे, कागल, लोक गाडीवरनं येऊन घेऊन जायचे, कुणाची तक्रार आली नाही.

एप्रिलमध्ये नाशिकच्या एका ताईंचा फोन आला, ३० अंडी पाहिजेत म्हणून. पैसे आधीच पाठवले त्यांनी, ७५० अंड्यांचे आणि १५० पार्सलचे. मी मार्केट यार्डातनं गुळाचं रिकामं खोकं आणलं, मजबूत असतं म्हणून, त्यात ३० चा पुठ्ठ्याचा ट्रे, वरनं दुसरा ट्रे पालथा आणि कडंनं भाताचं तूस भरलं. तावडे हॉटेलपाशी रात्रीच्या ट्रॅव्हल्सला दिलं, क्लीनरनं डिक्कीत सरकवलं. सकाळी पोचलं तेव्हा २ अंडी फुटली होती आणि खोक्याला मुंग्या लागलेल्या. राहिलेली २८ त्यांनी त्याच दिवशी उबवणीच्या मशीनमध्ये लावली आणि २१ दिवसांनी पिल्लं निघाली फक्त ४.

आता त्या म्हणतात तुमची अंडी फर्टाईलच नव्हती, सगळे पैसे परत द्या. मला हे लई लागलंय कारण त्याच आठवड्यातली १२ अंडी मी माझ्या खुडूक कोंबडीखाली ठेवली होती आणि त्यातनं ११ पिल्लं निघालीत, आत्ता हे लिहिताना ती अंगणात आईमागं उकरत फिरायलीत. म्हणजे कोंबड्यात काय कमी नाही. मग तिथं काय झालं?

दुसरं म्हणजे बेळगावच्या एका दादांना ५० पिल्लं पाहिजेत, एक दिवसाची. ६० अंड्यांचं मशीन घ्यायचा माझा विचार चाललाय. तर अंडी पाठवण्यापेक्षा पिल्लंच पाठवलेली बरी का? कशानं पाठवता तुम्ही लोक? आणि नाशिकच्या ताईंचे पैसे परत द्यायचे का, आणि द्यायचे तर किती, हे पण सांगा.

पन्हाळ्याचा_मामा (११ मे)

पोरी, आधी हे सांग की ३० अंडी जमायला तुला किती दिवस लागले आणि तेवढे दिवस ती ठेवली हुतीस कुठं? १८ गावठी म्हणजे रोजची चार-पाच अंडी, म्हणजे पहिलं अंडं आठ-नऊ दिवसांचं झालं असणार आणि दिवस एप्रिलचे. खुडकीखाली तू ठेवलीस ती ताजी असणार, दोन-तीन दिवसांतली, म्हणून ११ निघाली. त्याच कोंबडीचं अंडं पण एक ताजं आणि एक स्वयंपाकघरात नऊ दिवस उकडलेलं, दोन्ही सारखी कशी हुतील?

आमची आई उन्हाळ्यात अंडी तांदळाच्या कणगीत खुपसून ठेवायची, टोक खाली करून, आणि आठ दिवसांच्या वरचं अंडं रवणाला ठेवायचीच नाही, ते सरळ कालवणात. मी आता माठ करतो. परातीत ओली वाळू, त्यावर मातीचा माठ, माठाच्या तळाला कोरडं तूस, त्यावर अंडी टोक खाली आणि तोंडाला पातळ फडकं. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, अंड्याला मात्र पाणी लागू द्यायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, ते लई गार पडतं, आतला जीव मरतो.

आणखी एक, जरा स्पष्ट बोलतो. त्या ३० मध्ये गिरिराजची अंडी हुती का? असतील तर ती उबवणीला विकू नकोस. गिरिराज काय, वनराज काय, कावेरी काय, ही सगळी संकराची जात, पुढच्या पिढीत त्यांचे गुण फाटतात. शिवाय तुझा कोंबडा गावठी, मग पिल्लू निघणार ना गिरिराज ना गावठी. घेणारा सहा महिने दाणा घालणार आणि मग म्हणणार की अंडी का देईनात. गिरिराजची खायला विक, चांगला भाव येतो.

आणि २३ कोंबड्यांना २ कोंबडे कमी पडतात, आठ-दहा कोंबड्यांमागं एक पाहिजे. तिसरा ठेव, पण वेगळ्या घरचा आण, तुझ्याच पिल्लांतला नको, भावा-बहिणीचा संबंध आला की पिल्लं नाजूक निघतात. नवीन कोंबडा सोडल्यावर निदान दोन आठवडे त्याची म्हणून अंडी विकू नकोस कारण आधीच्या कोंबड्याचं बीज कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे टिकतं.

संगमेश्वरचा_बागायतदार (११ मे)

मी घेणारा माणूस आहे म्हणून घेणाऱ्याची बाजू सांगतो. दोन वर्षांत चार वेळा घाटावरून अंडी मागवली, आंबा घाटातून येतात. पहिल्या वेळी मीही आलेली अंडी लगेच मशीनमध्ये लावली आणि २४ मधली ३ निघाली. मी पण तेव्हा विकणाऱ्यावर चिडलो होतो.

दुसऱ्या वेळी खोका आल्यावर अंधाऱ्या खोलीत एकेक अंडं मोबाईलच्या टॉर्चवर धरून बघितलं. अंड्याच्या रुंद बाजूला हवेची पोकळी असते ना, ती एका जागी घट्ट बसलेली पाहिजे. माझ्या निम्म्या अंड्यांत ती पोकळी, अंडं कलतं केलं की, लेव्हलच्या नळीतल्या बुडबुड्यासारखी इकडून तिकडे पळत होती. गवंडी वापरतात ती नळी, हुबेहूब तसं. ते बघितल्यावर मला कळलं की अंडं बाहेरून शाबूत म्हणजे आतून शाबूत असं नाही. रस्त्याचे हादरे आतपर्यंत पोचतात.

तेव्हापासून आलेली अंडी ट्रेमध्ये टोक खाली करून पूर्ण २४ तास खोलीत शांत उभी ठेवतो, मगच मशीनमध्ये लावतो. पळती पोकळी असलेली अंडी पहिले दोन-तीन दिवस फिरवत नाही, उभीच ठेवतो, मग हळूहळू एका बाजूला कलती, दुसऱ्या बाजूला कलती. शेवटच्या खेपेला २४ पैकी १४ निघाली आणि मी खूश होतो. प्रवास करून आलेल्या अंड्यात निम्मी निघाली तर चांगलीच म्हणायची. नाशिकच्या ताईंना हे कुणी सांगितलं होतं का? त्यांनी लगेच लावली म्हणताय म्हणजे नसेल सांगितलं. तुम्ही खोक्यातच एक कागद टाका, काय करायचं ते लिहून.

गडहिंग्लजचा_पशुवैद्य (१२ मे)

वर दोघांनीही बरोबर सांगितलंय, मी त्यामागचं कारण सांगतो म्हणजे पुढच्या वेळी तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

अंडं घातलं जातं तेव्हा आतला गर्भ आधीच थोडा वाढलेला असतो, बाहेर गार हवा लागली की तो झोपतो. साधारण २० ते २४ अंशांच्या खाली तो झोपलेला राहतो, वर गेला की अर्धवट जागा होतो. कोल्हापुरात एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ होतं, स्वयंपाकघरात त्याहून जास्त. म्हणजे तुमच्या अंड्यातला जीव दुपारी वाढायला लागला, रात्री थांबला, परत दुपारी वाढला, असं आठ-नऊ दिवस. असा गर्भ दमतो आणि मशीनमध्ये लावल्यावर दोन-चार दिवसांतच मरतो. त्यात बसच्या डिक्कीत, इंजिनाशेजारी खोका असेल तर विचारूच नका. उबवणीची अंडी १५ ते १८ अंशांत ठेवावीत आणि सात दिवसांच्या आत लावावीत, मग टक्का चांगला येतो. मामांचा माठ १५ पर्यंत नेणार नाही पण स्वयंपाकघरापेक्षा पुष्कळ बरा. माठातून काढून दमट हवेत एकदम आणलं की अंड्याला घाम फुटतो, तो ओलावा कवचाच्या छिद्रांतून घाण आत नेतो. म्हणून फडक्यात गुंडाळून हळूहळू खोलीच्या हवेला येऊ द्या आणि खोक्यात बर्फाची पिशवी अजिबात टाकू नका.

अंडी धुऊ पण नका. कवचावर नैसर्गिक लेप असतो, तो जंतूंना अडवतो. मळलेलं अंडं कोरड्या कापडानं हलकं पुसायचं, लई घाण असेल तर विकायचंच नाही. खुराड्यात घरट्याचं तूस बदलत राहिलं तर ही वेळ येत नाही. तसंच फार मोठं, फार लहान, खरबरीत किंवा वाकडं अंडं बाजूला काढा. गिरिराजची मोठी अंडी ट्रेमध्ये अडकून बसतात आणि तीच आधी तडकतात.

आता चूक कुणाची हे ओळखायचं कसं. नाशिकच्या ताईंना विचारा की सातव्या-आठव्या दिवशी टॉर्च मारून बघितलं होतं का. अंडं एकदम स्वच्छ, आत काहीच नाही, तर ते फर्टाईल नव्हतं किंवा गर्भ अगदीच सुरुवातीला गेला. आत लाल रक्ताची गोल रेघ दिसली, तर अंडं फर्टाईल होतं पण गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला, म्हणजे साठवण, उष्णता किंवा हादरे. आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचात मेलं असेल तर बहुतेक वेळा शेवटच्या तीन दिवसांतलं मशीन बघायचं, आर्द्रता कमी पडली, दार सारखं उघडलं, तापमान चुकलं. पंखा असलेल्या मशीनला ३७.५ अंश, १८ दिवस ५०-५५ टक्के आर्द्रता आणि फिरवणं चालू, मग फिरवणं बंद आणि आर्द्रता ६५-७० टक्के. हे माहीत नसताना नुसतं "फर्टाईल नव्हती" म्हणणं बरोबर नाही, आणि तुम्ही "माझं काहीच चुकलं नाही" म्हणणं पण बरोबर नाही.

अजून एक गोष्ट अंडी विकणाऱ्या प्रत्येकानं मनावर घ्यावी. काही रोग अंड्यातून पिल्लात उतरतात. पांढरी हगवण, मायकोप्लाझ्माची सर्दी ही त्यातली मुख्य. तुमच्या खुराड्यात कोंबड्या शिंकत असतील, डोळे सुजत असतील तर त्या काळात उबवणीची अंडी विकू नका, खोकं पोचेल आणि रोगही पोचेल. आणि बर्ड फ्लूची बातमी आपल्या किंवा घेणाऱ्याच्या जिल्ह्यात आली तर पाठवणं बंद, आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारायचं. २००६ ला नवापूरला पहिल्यांदा आला तेव्हा काय झालं ते ज्यांनी बघितलंय ते विसरलेले नाहीत. बाधित भागातनं कोंबडी, अंडी, खत काहीच हलवता येत नाही.

इचलकरंजी_ब्रुडर (१२ मे)

ताई मी पिल्लांबद्दल बोलतो कारण मी चार वर्षं पिल्लंच विकतोय, आठवड्याला दीडशे-दोनशे. बेळगावला पिल्लं बसनं पाठवू नका एवढंच हात जोडून सांगतो.

मी एकदा पाठवली होती. १०० पिल्लांचा खोका, चार कप्प्यांचा, भोकांचा, सगळं बरोबर केलेलं, वर २ जास्तीची घातलेली. फेब्रुवारी महिना होता म्हटलं गरमीचा प्रश्न नाही. केबिनमध्ये ठेवतो म्हणाले आणि मधल्या स्टॉपला गर्दी झाल्यावर डिक्कीत टाकला, त्यावर कुणाची तरी बॅग. हवेची भोकं बंद. घेणाऱ्यानं खोका उघडून व्हिडिओ पाठवला तो माझ्याकडं अजून आहे, डिलीट करायला मन होत नाही. एका कप्प्यात सगळी एकमेकांवर चढलेली आणि खालची सपाट झालेली. ६१ मेली. पैसे तर दिलेच मी परत पण त्या दिवशी ठरवलं की जे खोकं मी स्वतः धरलेलं नाही त्यात जीव घालायचा नाही.

लोक युट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून मला विचारतात की तिकडं पोस्टातनं पिल्लं जातात मग इथं का नाही. तिकडं जातात, खरं आहे, १९१८ पासनं एक दिवसाची पिल्लं पोस्ट घेतं. कारण असं की पिल्लू बाहेर यायच्या आधी पिवळा बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस दाण्यापाण्याशिवाय निघतं. पण तो फक्त पोटाचा प्रश्न झाला, उबेचा आणि हवेचा नाही. आपल्याकडं पोस्ट कोंबडीची पिल्लं घेत नाही आणि मी विचारलं त्या एकाही कुरिअरवाल्यानं घेतली नाहीत, मग उरते ती ट्रॅव्हल्स आणि तिथं तुमचा खोका म्हणजे अजून एक बॅग.

मी आता असं करतो. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, सांगली, मिरज एवढंच, स्वतःच्या गाडीतनं पहाटे, नाहीतर घेणारा येतो. पिल्लं मशीनमधनं पूर्ण सुकल्यावरच काढायची, ओलं पिल्लू खोक्यात घातलं की गार पडून मरतं. खोक्याच्या तळाला वर्तमानपत्र नको, पाय घसरतात आणि तंगड्या फाकतात, तूस किंवा खरबरीत कापड घालायचं. एका कप्प्यात थंडीत २५ आणि उन्हाळ्यात २०. वाटेत अर्ध्या-पाऊण तासानं कान लावायचा, पिल्लं हळू चिवचिवत असली तर ठीक, जोरात ओरडायला लागली म्हणजे गार लागतंय आणि एकदम गप्प झाली, चोची उघड्या दिसल्या म्हणजे उकडतंय. पोचल्यावर आधी गुळाचं कोमट पाणी, प्रत्येकाची चोच एकदा बुडवायची, दोन-तीन तासांनी मक्याचा भरडा. पहिल्या आठवड्यात बल्बखाली ३३-३४ अंश, नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. सातव्या दिवसाच्या आत लासोटा म्हणजे मानमोडीची (राणीखेतची) लस, चौदाव्याला गंबोरो रोगाची लस, हे मी घेणाऱ्याला कागदावर लिहून देतो कारण मानमोडी आली की नाव माझंच येतं.

आणि ५० पिल्लं म्हणजे ५० कोंबड्या नाहीत हे बेळगावच्या दादांना आधीच सांगा. एक दिवसाच्या गावठी पिल्लात नर-मादी ओळखायचं म्हणजे सवयीचं माणूस लागतं, निम्मे कोंबडे निघणार.

शाहूपुरी_व्यापारी (१२ मे)

मला वेगळं म्हणायचं आहे. गिऱ्हाइकानं पूर्ण पैसे दिलेत, माल हातात आला ४ पिल्लांचा. पैसे परत द्या पूर्ण, विषय संपवा. आमच्या धंद्यात असंच असतं, वाटेत माल खराब झाला तर पाठवणाऱ्याचा. ७५० साठी नाव घालवू नका.

पन्हाळ्याचा_मामा (१२ मे)

व्यापारी भाऊ, कापड आणि अंडं यात फरक आहे. कापड पोचलं की पोचलं. अंडं पोचल्यावर २१ दिवस दुसऱ्याच्या हातात असतं, त्याचं मशीन कसलं, लाईट किती वेळ गेली, पाणी घातलं का नाही, हे पाठवणाऱ्याला काय ठाऊक. उद्या कुणीही म्हणेल निघाली नाहीत, द्या पैसे. मी कधीच पिल्लांची हमी देत नाही. मी हमी देतो ती एवढीच की अंडं ताजं आहे, कोंबडा सोबत आहे आणि फुटलेलं अंडं बदलून मिळेल. हे पैसे घ्यायच्या आधी सांगतो, नंतर नाही. पोरीचं चुकलं ते एवढंच की तिनं आधी काहीच सांगितलं नाही आणि अंडी शिळी पाठवली. त्यामुळं या खेपेला तिनं निम्मं सोसावं असं माझं मत.

संगमेश्वरचा_बागायतदार (१२ मे)

मामांशी सहमत. मला एका विकणाऱ्यानं पैसे नाही दिले पण पुढच्या खेपेला २४ च्या पैशात ३२ दिली, मला ते जास्त आवडलं. मला पैसे नको होते हो, पिल्लं पाहिजे होती.

कळंब्याची_पाखरं (१४ मे)

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन दिवस सारखं हेच वाचायलेय. मामा, तुम्ही समोर बसून बघितल्यासारखं लिहिलंय. अंडी स्वयंपाकघरातच होती, खिडकीखालच्या कट्ट्यावर, दुपारी ऊन तिथंच येतं. जमायला ९ दिवस लागले. आणि हो, गिरिराजची ६ अंडी घातली होती, मोठी दिसतात, बघणाऱ्याला बरं वाटेल म्हणून. फुटलेली दोन्ही त्यातलीच.

डॉक्टर, तुम्ही सांगितल्यावर मी नाशिकच्या ताईंना फोन केला. आधी त्या रागात होत्या पण मी म्हटलं ताई पैशाचं बघू, मला फक्त काय झालं ते कळू दे. त्यांनी आठव्या दिवशी टॉर्च मारून काढलेला व्हिडिओ पाठवला. मी तो मोठ्या स्क्रीनवर लावून एकेक अंडं मोजलं. २८ मध्ये ३ एकदम स्वच्छ. १३ मध्ये ती लाल रेघ, बांगडीसारखी गोल, आणि आत काही हलत नाही. बाकी १२ मध्ये शिरांचं जाळं चांगलं दिसत होतं, त्यातली ४ निघाली आणि ८ शेवटी कवचात गेली. त्यांच्या मशीनमध्ये आर्द्रता दाखवायचा काटाच नाही आणि पिल्लं टोच मारायला लागल्यावर मुलं सारखं झाकण उघडून बघत होती असं त्या स्वतःच म्हणाल्या.

म्हणजे १३ माझी आणि रस्त्याची, असं मी धरलं. मी त्यांना ४०० रुपये परत पाठवले आणि म्हटलं पावसाळा लागल्यावर १२ अंडी माझ्याकडनं, फक्त पार्सलचे पैसे द्या. त्या म्हणाल्या असं आधीच बोलला असता तर मी एवढं टाकून बोलले नसते. दोघी रडायच्या बेतात आलो खरं सांगते.

बेळगावच्या दादांना पिल्लांसाठी नाही म्हणून कळवलं. इचलकरंजीच्या दादांचा नंबर त्यांना देऊ का? तुमचं ते ६१ पिल्लांचं वाचून मी रात्री झोपलेच नाही.

आता अंडी बाहेरगावी पाठवायची ती जूनमध्ये पाऊस पडून हवा गार झाल्यावरच. पण त्याआधी मला बघायचंय की माझं पॅकिंग चुकीचं आहे का. माझी नणंद साताऱ्याला असते. तिच्याकडं खोका पाठवून दुसऱ्या रात्रीच्या बसनं परत मागवायचा आणि घरात राहिलेल्या अंड्यांसोबत एकाच वेळी लावायचा असं डोक्यात आहे. डॉक्टर, हे बरोबर होईल का?

गडहिंग्लजचा_पशुवैद्य (१४ मे)

उत्तम होईल. फक्त दोन्हीकडची अंडी त्याच दिवसांतली, त्याच कोंबड्यांची घ्या, साठवण एकच ठेवा, म्हणजे फरक पडला तर तो प्रवासाचाच. अंड्यांवर पेन्सिलनं खूण करा, मार्करची शाई नको. आणि गुळाचं खोकं वापरायचं असेल तर आतनं पुसून उन्हात वाळवून घ्या, पिल्लानं आतनं टोच मारलेल्या अंड्यात मुंगी शिरते आणि पिल्लालाही त्रास देते.

इचलकरंजी_ब्रुडर (१४ मे)

नंबर द्या की ताई, पहाटे मीच नेऊन देतो त्यांना. पॅकिंगचं एक सांगतो, ट्रेवर ट्रे पालथा घालू नका, वरच्याचा सगळा भार अंड्याच्या डोक्यावर येतो. एकेक अंडं वर्तमानपत्राच्या पट्टीत गुंडाळा, टोक खाली करून ट्रेच्या खळग्यात एक सोडून एक बसवा, मधली जागा तुसानं भरा, खाली-वर चार-चार बोटं तूस. मग खोकं बंद करून दोन्ही हातांनी हलवून बघा. आत खुळखुळ झाली तर परत उघडा. आणि खोकं ५ किलोच्या आत ठेवा, जड खोकं माणूस आदळतोच, हलकं असलं तर हातात घेऊन ठेवतो.

कळंब्याची_पाखरं (८ जुलै)

उशीर झाला, पण आकडे हातात आल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

८ ते ११ जून मध्ये घातलेली २४ गावठी अंडी घेतली, सगळी माठात ठेवलेली. तिसरा कोंबडा मे महिन्यात वडणग्यातनं आणलाय तो आता चांगला रुळलाय. १२ अंडी घरात ठेवली आणि १२ इचलकरंजीच्या दादांनी सांगितलं तशी गुंडाळून साताऱ्याला पाठवली. या वेळी क्लीनरला दिली नाहीत, आमच्या शेजारच्या काकी त्याच बसनं चालल्या होत्या, त्यांच्या पायाशी खोका ठेवला. महामार्गाचं काम चालू आहे, रस्ता किती उखडलाय ते सगळ्यांना माहीत आहे, काकी म्हणाल्या कराडपर्यंत मी दोन्ही पायांनी खोका धरून बसले होते. परत येताना मात्र नणंदेनं बसमध्ये दिला तो डिक्कीतनंच आला.

आल्यावर एक पण फुटलेलं नव्हतं. टॉर्च मारला तर ४ अंड्यांत संगमेश्वरच्या दादांनी सांगितलेली ती पळती पोकळी. अगदी तशीच, कलतं केलं की सरकते. बघून अंगावर काटा आला, कारण बाहेरनं अंडं इतकं देखणं. २४ तास उभी ठेवली आणि १५ जूनला सगळी २४ एकदम मशीनमध्ये लावली, घेतलं शेवटी मशीन. लाईट एकदा तीन तास गेली होती तेव्हा वर गोधडी टाकली.

घरची १२, त्यातनं १० निघाली. साताऱ्याला जाऊन आलेली १२, त्यातनं ७. पळत्या पोकळीच्या ४ मधलं एकच निघालं, आणि ते पण बावीसाव्या दिवशी, बाकीच्यांनी अंग सुकवलं तरी हे टोच मारून थांबलेलं. मी मदत करायला हात पुढं केला होता पण डॉक्टरांचं आठवून झाकण लावून टाकलं. सकाळी बाहेर होतं, एका बाजूला केस चिकटलेले, पण उभं.

आता गिऱ्हाइकाला मी आधीच असं पाठवते, हे बघा आणि काही राहिलं असेल तर सांगा: अंडी सात दिवसांच्या आतली असतील. फुटलेलं बदलून मिळेल. पिल्लांची हमी नाही, माझ्या घरी १२ त १० निघतात आणि प्रवास केलेल्यात ७ निघाली. आल्यावर २४ तास टोक खाली करून उभी ठेवा. आठव्या दिवशी टॉर्च मारून मला व्हिडिओ पाठवा. मार्च ते मे बाहेरगावी पाठवत नाही. हे वाचून दोघांनी नको म्हटलं आणि पाच जणांनी घेतली. नाशिकच्या ताईंची १२ गेल्या गुरुवारी गेलीत, त्यांनी आर्द्रतेचा काटा आणलाय आणि झाकणाला दोरी बांधलीय.

पन्हाळ्याचा_मामा (८ जुलै)

वाचून लई बरं वाटलं पोरी. त्यात एवढंच घाल की कोंबड्या आजारी असतील तर मी अंडी देत नाही, डॉक्टरांनी सांगितलं हुतं ते.

आमच्यात तांबडी खुडूक बसलीया परवापासनं आणि माझी अंडी या आठवड्यात पुरत नाहीत. १२ ठेव माझ्यासाठी. रविवारी कोल्हापूरला यायचंच हाय, कळंब्याला येऊन मीच नेतो, मांडीवर घेऊन जाईन.